औषधाच्या काउंटरवरून सिगारेट सोडवताना: फार्मासिस्टचं पहिलं प्रशिक्षण कसं आखावं

खोकल्याचं औषध मागायला आलेला माणूस फार्मासिस्टसमोर अपॉइंटमेंटशिवाय उभा असतो. डॉक्टरकडे जायचं तो टाळतो, पण औषधाच्या दुकानात पुन्हा पुन्हा येतो. सिगारेट सोडवण्याच्या कामात फार्मासिस्टचं मोल आहे ते ह्यामुळेच. तरीही बरेच फार्मासिस्ट हा विषय काढत नाहीत, आणि त्याचं कारण अज्ञान हे क्वचितच असतं. निकोटिन शरीरात काय करतं हे त्यांनी शिकलेलं असतं. गाडी अडते ती तीन ठिकाणी: विचारायचं कसं, निकोटिनचा गम (तलफ भागवायचा औषधी च्युइंग गम) तोंडात कसा ठेवायचा हे दाखवायचं कसं, आणि माणूस औषध घेऊन गेला की पुढे काय करायचं. पहिल्यांदाच असं प्रशिक्षण देणाऱ्यांनी सगळा आराखडा ह्या तीन गोष्टींभोवती बांधावा. काळ्या पडलेल्या फुप्फुसांच्या चित्रांवर अर्धा दिवस घालवला तर सगळे हळहळत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर काहीच बदलत नाही.

पायरी १: आधीची तयारी

एका गटात १२ किंवा १५ जण घ्या, म्हणजे तिघा-तिघांचे गट पडतात. साडेतीन तासांची दोन सत्रं ठेवा आणि मध्ये एक आठवडा जाऊ द्या. सलग एका दिवसात उरकण्याचा मोह होतो, पण तो टाळा. मधल्या आठवड्यात प्रत्येकाने दुकानात किमान दहा जणांना सिगारेटबद्दल विचारून यायचं असतं, आणि दुसऱ्या सत्राचा खरा कच्चा माल तोच.

सामान फारसं लागत नाही. साधा, साखर नसलेला च्युइंग गम. निकोटिनच्या गम, लॉझेंज (तोंडात विरघळणारी गोळी) आणि पॅचची (त्वचेला चिकटवायची पट्टी) रिकामी खोकी, आतल्या माहितीपत्रकासकट. पॅचच्या जागी सरावासाठी चिकट पट्ट्या. आणि निरीक्षकासाठी एका पानाची तपासयादी. सरावाला निकोटिनचा गम देऊ नका. कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाला त्याने मळमळ आणि उचक्या सुरू होतात.

आणखी एक काम आधीच उरका. तुमच्या भागात कोणतं औषध चिठ्ठीशिवाय विकता येतं, कोणत्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि किती वयाखालच्यांना देता येत नाही, हे नियम तपासून एका पानावर लिहून ठेवा. हे पान नसेल तर दुसऱ्या सत्रातला निम्मा वेळ ह्याच वादात जातो.

पायरी २: व्यसन समजावून सांगणं, पण तासाभरातच

झुरका घेतल्यावर निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे दोन तास लागतात. रात्रभराच्या झोपेनंतर साठा बराचसा संपलेला असतो, म्हणून सकाळची पहिली सिगारेट माणूस किती घाईने पेटवतो ह्यावरून व्यसनाची पकड कळते. एवढी साखळी फळ्यावर काढा, आणि तिथून थेट मोजमापावर या.

मोजमापाला दोन प्रश्न पुरतात. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? ५ मिनिटांच्या आत ३ गुण, ६ ते ३० मिनिटांत २, ३१ ते ६० मिनिटांत १, त्यानंतर शून्य. दिवसाला किती? १० पर्यंत शून्य, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्याहून जास्त असतील तर ३. बेरीज शून्य ते सहाच्या मध्ये येते, आणि चार किंवा त्याहून जास्त आली की पकड घट्ट आहे असं धरायचं.

नवशिक्याचा हात इथे हमखास चुकतो, कारण तो नुसती संख्या विचारतो. वीसवरून आठवर आलेला माणूस त्या आठ सिगारेटींचे झुरके खोल आणि जास्त घेतो आणि निकोटिनची भरपाई करून घेतो. त्याला ‘थोड्याच ओढतो’ म्हणून कमी मात्रा दिली की तो तिसऱ्या दिवशी परत सिगारेटकडे जातो. पहिल्या सिगारेटची वेळ ही संख्येपेक्षा भरवशाची खूण आहे. हे वाक्य दोनदा सांगा.

पायरी ३: विचारायला शिकवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, पहिल्या सत्रातले किमान दीड तास. काउंटरवर रांग असते, म्हणून लांब मुलाखत शिकवून उपयोग नाही. अर्ध्या मिनिटात बसणाऱ्या तीन गोष्टी शिकवायच्या: विचारणं, सांगणं, मदत पुढे करणं.

विचारण्याची संधी ओळखायला आधी शिकवा. खोकल्याचं औषध, इनहेलर, ॲसिडिटीची गोळी, रक्तदाबाची चिठ्ठी, दम्याच्या मुलासाठी औषध न्यायला आलेले आईवडील, गर्भनिरोधक गोळ्या. ह्यातली शेवटची खूण विशेष महत्त्वाची. पस्तिशी ओलांडलेली, सिगारेट ओढणारी स्त्री इस्ट्रोजेन असलेली गोळी घेत असेल तर रक्ताच्या गुठळीचा, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका बराच वाढतो. तिला डॉक्टरांशी बोलायला सांगणं हे त्याच वेळी करायचं काम आहे.

आता शब्द. नवखा फार्मासिस्ट विचारतो, ‘सिगारेट सोडायची नाही का तुम्हाला?’ ह्या प्रश्नात ठपका आहे, आणि ठपक्याला माणूस ‘बघू’ म्हणून उत्तर देतो. त्याऐवजी संवाद असा चालवता येतो:

‘ह्या खोकल्याच्या औषधाबरोबर एक विचारू का? तुम्ही सिगारेट ओढता?’

‘हो, थोडीफार.’

‘सोडायला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो औषध आणि थोडी सोबत, दोन्ही एकत्र असले की. दोन्ही इथे मिळतं. आज पाच मिनिटं बोलू, की पुढच्या वेळी?’

माणसाला सोडायचं आहे की नाही, हे ह्यात विचारलेलंच नाही. मदत आहे एवढं सांगितलं आणि निवड त्याच्या हातात ठेवली. सोडायची तयारी आहे का असं आधी विचारलं की तयारी नसलेल्यांपर्यंत मदत पोचतच नाही, आणि आज ‘नाही’ म्हणणारा पुढच्या महिन्यात ‘हो’ म्हणू शकतो. त्याने ‘नको’ म्हटलं तर ‘ठीक आहे, कधीही या’ म्हणून औषध द्यायचं. तिथे ताणायचं नाही.

सराव तिघांत करा: एक फार्मासिस्ट, एक गिऱ्हाईक, एक निरीक्षक. प्रत्येक फेरी चार मिनिटांची, मग भूमिका बदला. निरीक्षकाने मत द्यायचं नाही, फक्त मोजायचं: मोकळे प्रश्न किती विचारले, गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये किती वेळा तोडलं, उपदेश किती वेळा झाला. पहिल्या फेरीत फार्मासिस्टच तीन-चतुर्थांश वेळ बोलताना सापडतो. आकडा समोर ठेवला की दुसऱ्या फेरीत तो आपोआप खाली येतो. गिऱ्हाइकाची भूमिका करणाऱ्यालाही सूचना हवी, नाहीतर तो सहकाऱ्याला मदत म्हणून लगेच ‘हो, सोडतो’ म्हणतो. त्याच्या हातात चिठ्ठी द्या: ‘दोनदा सोडून पाहिली, जमलं नाही. वजन वाढलं होतं. आज घाईत आहात.’

वजनाचं उत्तर खरं द्यायला शिकवा. सोडल्यानंतर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतात, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. ‘काही वाढत नाही’ म्हणून समजूत काढली की विश्वास तुटतो.

पायरी ४: औषधं हातात देऊन

दुसऱ्या सत्राची सुरुवात आठवड्याच्या अनुभवांनी होईल. त्याला पाऊण तास द्या, मग औषधांकडे वळा.

आधी एक गैरसमज मोडायला हवा, कारण तो फार्मासिस्टच्याही मनात असतो: निकोटिनच्या औषधाने कर्करोग होईल, किंवा एका व्यसनाच्या जागी दुसरं लागेल. सिगारेट जीव घेते ती धुरातल्या डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्यांमुळे. निकोटिन माणसाला तिच्याशी बांधून ठेवतं. गम किंवा पॅचमधून ते हळू आणि कमी प्रमाणात येतं, धूर येत नाही. ही भीती राहिली की माणूस मात्रा कमी घेतो आणि आठवड्यात थांबवतो. ‘औषधाने काही फरक पडला नाही’ अशी तक्रार आली, की आधी तो किती घेत होता आणि कसं घेत होता ते विचारायचं. निकोटिनची औषधं नीट वापरली तर सिगारेट सुटण्याची शक्यता, न वापरण्याच्या तुलनेत, जवळपास दीडपट होते.

गमवर पंचवीस मिनिटं द्या. सगळ्यात जास्त चुकीचा वापर ह्याचाच होतो, कारण माणसाला गम चावायची सवय आधीच असते. प्रत्येकाला साधा गम द्या आणि पद्धत करवून घ्या. दहा-पंधरा वेळा सावकाश चावा. खऱ्या गममध्ये एवढ्यात मिरीसारखा तिखटपणा किंवा झिणझिण्या जाणवतात. तसं झालं की चावणं थांबवून गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. मिनिटभराने चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि आता दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं. सतत चावत राहिलं तर ते लाळेबरोबर पोटात उतरतं, यकृतात बरंचसं निकामी होतं, आणि माणसाच्या वाट्याला फक्त उचकी, छातीत जळजळ आणि मळमळ येते. पंचवीस मिनिटं गम नुसता गालात धरून बसल्यावर फार्मासिस्टला कळतं की ही सूचना वाटते तितकी सोपी नाही, आणि मग तो ती गिऱ्हाइकाला घाईत सांगत नाही.

दुसरी चूक पेयांची. निकोटिन शोषलं जायला तोंडात किंचित अल्कधर्मी वातावरण लागतं, गममध्ये त्यासाठी क्षार घातलेले असतात. कॉफी, फळांचे रस आणि सोड्याची पेयं आम्ल असतात. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको.

मात्रा: उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ४ मिलीग्रॅमचा, नाहीतर २ मिलीग्रॅमचा. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. तलफ आल्यावरच घ्यायचा असं गिऱ्हाईक समजून बसतं, पण गमचा असर पूर्ण व्हायला वीस-तीस मिनिटं जातात आणि तलफेची लाट तर काही मिनिटांत ओसरते. म्हणून घड्याळ लावून घ्यायचा. लॉझेंजला मात्रा ठरवण्याचा नियम हाच. ती चावायची किंवा गिळायची नाही, गालात इकडून तिकडे सरकवत विरघळू द्यायची. दिवसाला जास्तीत जास्त २०.

पॅच सोपा आहे. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २४ तासांचा २१ मिलीग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन, मग ७ चा दोन. दहा किंवा कमी असतील तर १४ पासून सुरुवात. कमरेच्या वर किंवा दंडावर, केस नसलेल्या, कोरड्या, लोशन न लावलेल्या त्वचेवर दहा सेकंद दाबून लावायचा आणि रोज जागा बदलायची. जागा तीच ठेवली की त्वचा लाल होऊन खाजते आणि लोक त्याला ॲलर्जी समजून सोडून देतात. विचित्र स्वप्नं पडली किंवा झोप मोडली तर रात्री काढून ठेवायचा. काढलेल्या पॅचमध्येही बरंच निकोटिन उरतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा. एमआरआयच्या आधी तो काढायचा असतो, कारण काही पॅचच्या पाठीला धातूचा थर असतो आणि त्याने त्वचा भाजू शकते.

पॅचबरोबर गम किंवा लॉझेंज देणं हे एकट्या औषधापेक्षा जास्त परिणामकारक ठरतं. पॅच दिवसभराची पातळी धरून ठेवतो, गम अचानक आलेल्या तलफेला तोंड देतो. दोन निकोटिनची औषधं एकत्र द्यायला नवखे कचरतात. त्यांना हे ठासून सांगा, की पकड घट्ट असलेल्या माणसाला सुरुवातीपासूनच जोडी सुचवायची.

सिगारेट सोडवणाऱ्या, पण निकोटिन नसलेल्या गोळ्यांबद्दलच्या प्रश्नांचीही उत्तरं फार्मासिस्टला देता यायला हवीत. व्हॅरेनिक्लीन सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू होतं: तीन दिवस ०.५ मिलीग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, मग १ मिलीग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मळमळ सर्रास होते, आणि बहुतेकदा गोळी उपाशीपोटी घेतल्यामुळे. जेवण आणि पूर्ण ग्लासभर पाणी हा त्यावरचा पहिला उपाय. मूत्रपिंड फारच कमी काम करत असेल तर मात्रा घटवावी लागते. ह्या औषधाने मन बिघडतं अशी भीती अजून ऐकू येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ईगल्स चाचणीत आठ हजारांहून जास्त लोक होते, आणि त्यात मनोविकारांचे त्रास निकोटिन पॅच किंवा नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ह्या औषधाच्या माहितीपत्रकातला चौकटीतला कडक इशारा काढला. बुप्रोपियॉन फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना किंवा खाण्याच्या विकाराच्या रुग्णांना देत नाहीत. त्याने झोप उडते, म्हणून दुसरी गोळी पहिलीनंतर आठ तासांनी, पण झोपेच्या तोंडावर नाही. सायटिसिनचा नेहमीचा कोर्स २५ दिवसांचा, दीड मिलीग्रॅमच्या गोळ्या दिवसाला सहापासून सुरू होऊन उतरत जातात आणि पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट थांबवायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत निकोटिनची औषधं आणि ही तिन्ही शिफारसपात्र आहेत.

पायरी ५: सोडल्यावर इतर औषधांचं काय

फार्मासिस्ट इतर कुणापेक्षा चांगलं करू शकेल असं काम हे आहे, आणि नेमकं हेच प्रशिक्षणात शेवटच्या दहा मिनिटांत कोंबलं जातं. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं सीवायपी१ए२ हे, काही औषधं मोडून टाकणारं, एन्झाइम वाढवून ठेवतात. सिगारेट थांबली की ते पहिल्या आठवड्यातच खाली येतं, आणि त्यावर अवलंबून असलेल्या औषधांची रक्तातली पातळी चढते. क्लोझापिन, ओलान्झापिन (दोन्ही मनोविकारांवरची) आणि थिओफिलिन (दम्यावरचं) ही तीन नावं पाठ हवीत. क्लोझापिन घेणाऱ्याने सोडण्याचा दिवस डॉक्टरांना आधी कळवूनच ठरवायचा, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. वॉरफरिन ह्या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर करून घ्यायला सांगा, इन्सुलिन घेत असेल तर साखर जास्त वेळा बघायला सांगा. हा परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे, त्यामुळे पॅच लावला तरी तो टळत नाही. परीक्षेत हा प्रश्न जरूर टाका, हमखास चुकतो.

कॅफीनचंही तसंच. सोडल्यानंतर तेवढीच कॉफी जवळपास दुप्पट चढते. अस्वस्थपणा आणि निद्रानाश आला की माणसाला वाटतं ही सिगारेटची तडफड आहे. कॉफी निम्मी करायला सांगितलं की पुष्कळदा काम भागतं.

कुणाला काउंटरवरून औषध न देता डॉक्टरांकडे पाठवायचं, हेही त्या एका पानावर असू द्या: गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या, मागच्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत दुखणारे, हृदयाचे ठोके अनियमित असलेले. खोकल्यातून रक्त येत असेल, तीन आठवड्यांहून जुना खोकला असेल किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल, तर सिगारेट सोडण्याची चर्चा नंतर, तपासणी आधी.

पायरी ६: सोडण्याचा दिवस आणि त्यानंतरचे फोन

दिवस पुढच्या दोन आठवड्यांतला ठरवायचा आणि तो गिऱ्हाइकाने स्वतः निवडायचा. त्या दिवसानंतर एकही झुरका नाही, हा नियम स्पष्ट सांगायचा. तडफड काही तासांत सुरू होते, पहिल्या आठवड्यात शिगेला पोचते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. भूक मात्र जास्त काळ वाढलेली राहते. तोंडात फोड, बद्धकोष्ठता आणि काही दिवस वाढलेला खोकला हेही आधी सांगितलं की माणूस घाबरत नाही.

पहिला फोन दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करायला शिकवा. आठवड्याने केला तर बरेच जण तोवर घसरलेले असतात. त्यानंतर एक, दोन आणि चार आठवड्यांनी, आणि औषध संपताना बाराव्या आठवड्यात. फोनवर ‘ओढली नाही ना?’ असं विचारू नये, त्याने माणूस खोटं बोलतो. ‘सगळ्यात कठीण वेळ कोणती गेली?’ असं विचारावं. एखादी सिगारेट ओढली गेली असेल तर पॅच काढायला सांगू नका. औषध चालू ठेवून त्याच दिवसापासून पुन्हा सुरुवात.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असेल तर त्याचाही सराव घ्या. खोल श्वास, पंधरा सेकंद रोखणं, मग हळूहळू पूर्ण सोडणं, आणि प्रत्येकाला नवी नळी. १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०) खालचा आकडा साधारणपणे न ओढणाऱ्याचा धरतात. हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो, म्हणून सकाळची नोंद रात्रभर न ओढल्यामुळे फसवी कमी येते. दुपारनंतर मोजा. आकडा उतरलेला बघून माणसाला जे बळ येतं ते कुठल्याही भाषणाने येत नाही.

पायरी ७: शिकले की नाही, कसं ओळखायचं

लेखी परीक्षा थोडंच सांगते. प्रत्येकाकडून दोन गोष्टी समोर करवून घ्या: अर्ध्या मिनिटाचा संवाद, आणि गमची पद्धत तीन मिनिटांत गिऱ्हाइकाला शिकवणं. दुसऱ्यात ‘गालात ठेवा’ आणि ‘पाण्याशिवाय काही पिऊ नका’ ह्यातलं एक जरी राहिलं तरी पुन्हा घ्या.

नोंदवहीत सहा रकाने पुरेत: तारीख, पहिल्या सिगारेटची वेळ, दिलेलं औषध आणि मात्रा, सोडण्याचा दिवस, फोनच्या तारखा, चौथ्या आठवड्यातली स्थिती. सुटली असं तेव्हाच लिहायचं, जेव्हा मागच्या दोन आठवड्यांत एकही झुरका घेतलेला नाही. फोन न उचलणाऱ्यांना ओढणाऱ्यांतच मोजा, नाहीतर आकडे फुगतात आणि कुठे दुरुस्ती हवी ते दिसत नाही.

तीन महिन्यांनी दोन तासांसाठी सगळ्यांना परत बोलवा आणि नोंदवह्या उघडा. पहिला फोन कोरा असलेल्या ओळी आणि मात्रा कमी दिलेल्या ओळी आधी काढा. त्या दिवसाचा सराव फक्त तेवढ्यावर घ्या.